मुलगी पाणी आणायला, मुलगा सोफ्यावर

ताई,
आम्ही सांगलीत एकत्र राहतो. सासू-सासरे, आम्ही दोघं, १५ वर्षांचा मुलगा आणि १३ वर्षांची मुलगी. रात्री जेवणं आटोपली की सगळे मिळून एखादी वेब सिरीज लावतो. गोष्ट छान चाललेली असते आणि मध्येच नको तो प्रसंग येतो. सासरे खाकरतात, हे रिमोट शोधू लागतात, मी मुलीला पाणी आणायला आत पाठवते. मुलगा मोबाइलमध्ये असतो, त्यामुळे त्याचा प्रश्न नसतो. सगळ्यांनी मिळून बघावं असं काही उरलंच नाही का? या लोकांना कुणी विचारणारं नाही का? सबस्क्रिप्शन बंद करून टाकू?
– एक आई

विचारणारं आहे. केबलवरच्या वाहिन्यांना १९९५चा कायदा लागू आहे. ओटीटीला २०२१चे नियम आहेत: प्रत्येक कार्यक्रमाला यू, ७+, १३+, १६+ किंवा ए असा वयोगट द्यायचा, आणि १३+पासून पुढच्या सगळ्याला पालकांना कुलूप लावता येईल अशी सोय ठेवायची. तुम्ही लावता त्या सिरीजच्या सुरुवातीला तो आकडा येतो. १६+ दिसलं, तर त्याहून लहान मुलांनी ती पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायची. तुमच्या घरात मार्गदर्शन म्हणजे, ‘जा, पाणी आण.’

पण मी अडले ते तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यावर. मुलगा मोबाइलमध्ये असतो, त्यामुळे त्याचा प्रश्न नसतो. १५ वर्षांचा मुलगा, हातात फोन, आणि त्याचा प्रश्न नसतो? अहो, टीव्हीवरच्या त्या दोन मिनिटांना निदान मागचीपुढची गोष्ट असते, शेजारी आजोबा बसलेले असतात. फोनवरच्या अश्लील व्हिडिओंत यातलं काही नाही. तिथे बाईवर केलेली जबरदस्ती तिला आवडतेय असं सर्रास दाखवतात. तो ते बघतोच, असं मी म्हणत नाही. पण वर्गातल्या कुणी ना कुणी त्याला काहीतरी पाठवलेलं असणार, हे धरून चाला. बाई नको म्हणते तेव्हा काय करायचं, हे तो तिथून शिकला, तर ते खोटं आहे असं त्याला सांगणारं घरात कोण आहे?

आणि दर वेळी मुलगीच का उठते? मोठं होण्याच्या ऐन दिवसांत तिला रोज कळतंय, की हा विषय निघाला की आपण खोलीबाहेर जायचं. उद्या बसमध्ये, क्लासमध्ये किंवा नात्यातल्याच कुणी तिच्या अंगाला हात लावला, तर ती तुमच्याकडे येईल? मला नाही वाटत. आणि याचीच मला तुमच्या सिरीजपेक्षा कितीतरी जास्त काळजी वाटते.

येत्या रविवारी टीव्ही लावू नका. दोन्ही मुलांना एकत्र घेऊन बसा, नवऱ्यालाही बसवा. मुलाशी बाबा बोलतील, मुलीशी मी, अशी वाटणी करू नका. मुलीला जे सांगाल ते मुलाने ऐकायलाच हवं, आणि मुलाला जे सांगाल ते तिनेही. सांगायचं फार नाही. मोठी माणसं एकमेकांच्या राजीखुशीने जवळ येतात, त्यात घाण काही नाही. समोरचं माणूस नको म्हणालं, घाबरलं किंवा नुसतं गप्प झालं, तरी थांबायचं. फोनवर येतं ते पैशासाठी रचलेलं असतं, खरा संसार तसा नसतो. कुणाचा उघडा फोटो आला तर पुढे पाठवायचा नाही. अठराच्या आतल्या मुलामुलीचा असेल तर तो गुन्हा आहे. कुणी त्रास दिला तर आम्हाला सांगायचं, आम्ही तुम्हाला ओरडणार नाही. आम्हाला सांगणं जमलं नाही, तर १०९८ हा मुलांसाठीचा फोन नंबर आहे.

शब्द अडखळतील, अडखळू देत. सासूबाई काय म्हणतील याची चिंता करत बसू नका. सबस्क्रिप्शन ठेवायचं की नाही, ते सोमवारी ठरवा.

मुलगा मान खाली घालून फोन काढेल. तो बाजूला ठेवायला सांगा. ‘आई, पुरे ना,’ म्हणेल, मुलगी उठायला बघेल. तिचा हात धरून तिला शेजारी बसवा, आणि बोलणं पुरं करा.