सासूबाई म्हणतात नारायण नागबळी, नवरा म्हणतो अंधश्रद्धा

"लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. सासूबाई म्हणतात घराण्याला पितृदोष आहे, त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी करा. नवरा म्हणतो, हा सगळा भंपकपणा. मी कोणाचं ऐकू?" समुपदेशनात हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत सतत येतो. त्यातलं हे एक कुटुंब. ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलले आहेत.

सून 31 वर्षांची, नवरा 34. विधी तीन दिवसांचा आणि त्याला जोडप्याने बसायचं, त्यामुळे "तुमचं तुम्ही करा" म्हणून सुटका नव्हती. भांडणाच्या गदारोळात एक गोष्ट मात्र राहूनच गेली होती. सुनेची सोनोग्राफी, हार्मोनच्या तपासण्या सगळं झालं होतं. नवऱ्याची वीर्यतपासणी एकदाही झाली नव्हती.

तिघांशी आधी वेगवेगळं बोलणं झालं. घरी भांडताना जी वाक्यं तोंडून निघतात तीच प्रत्येकाने कागदावर उतरवायची, गुळगुळीत न करता. मग प्रत्येक वाक्याला दोन प्रश्न: हे कशावरून कळलं? आणि काय घडलं तर हे चूक होतं असं तुम्ही मान्य कराल?

सासूबाईंचं पहिलं वाक्य: "पितर अतृप्त आहेत." कशावरून? गुरुजींनी पत्रिका पाहून सांगितलं. चूक कधी मानाल? त्यावर उत्तर नव्हतं. मूल झालं तर पूजेमुळे, नाही झालं तर दोष मोठा. ज्या वाक्याला काहीही घडलं तरी धक्का लागत नाही, ते ज्ञान नव्हे, श्रद्धा असते. तिचा अपमान करण्याचं कारण नाही. पण तिच्या भरवशावर उपचार थांबवता येत नाहीत.

दुसरं वाक्य होतं, "शेजारच्या सुनेला पूजेनंतर सहा महिन्यांत दिवस गेले." हे तपासता येतं. नियमित संबंध असलेल्या 100 जोडप्यांपैकी साधारण 80 ते 85 जणांकडे पहिल्या वर्षातच गर्भ राहतो, उरलेल्यांतल्या जवळपास निम्म्यांकडे दुसऱ्या वर्षात. म्हणजे पूजा केली वा न केली, बऱ्याच जणांना दिवस जाणारच. शिवाय पूजेनंतर गोड बातमी आली की ती गल्लीभर कळते. ज्यांच्याकडे काही झालं नाही ते गप्प राहतात.

नवऱ्याचं वाक्यही सुटलं नाही. "पितर नसतात हे सिद्ध झालंय." कुठे, कोणी? तो अडखळला. "मला पटत नाही, मला पुरावा दिसत नाही" एवढंच त्याला प्रामाणिकपणे म्हणता येत होतं. विधीने गर्भधारणा होते याला पुरावा नाही, हे मात्र तो ठामपणे म्हणू शकतो, आणि इथे गरज तेवढ्याचीच होती. पितरांविषयीचा वाद घरात जिंकून काहीच हाती लागणार नव्हतं.

"अंधश्रद्धा" हा शब्द तो ज्या सुरात वापरायचा, त्यातून आईला ऐकू यायचं ते "तू अडाणी आहेस." तो शब्द बाजूला ठेवायला सांगितल्यावर सासूबाई वेगळंच बोलल्या. त्यांचे धाकटे दीर ऐन तरुणपणी बुडून गेले, देह सापडला नाही, क्रियाकर्म नीट झालं नाही. दुर्मरण आलेल्यासाठी नारायणबळी करण्याची परंपरा आहेच. इतकी वर्षं त्यांच्या मनात सलत होतं ते हे. सुनेच्या कुशीशी त्याची गाठ नंतर पडली. असं दुःख ऐकून न घेता आकडे पुढे केले की समोरचा माणूस कान बंद करतो.

एकत्र बैठकीत दोन्ही गोष्टी वेगळ्या केल्या. दिरांच्या नावाने नारायणबळी सासऱ्यांनी करायचा, मुलाच्या आशेशी त्याचा संबंध न लावता. नवऱ्याने 2 ते 7 दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा. शुक्राणू कमी आले, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी आणि मधल्या काळात पुरुष वंध्यत्वाच्या तज्ज्ञांकडे भेट ठरली.

सासूबाईंची श्रद्धा तशीच आहे, नवऱ्याचं मतही. लेखी ठरलं ते इतकंच: मुहूर्तासाठी दवाखान्याची तारीख हलवायची नाही, आणि उद्या दिवस गेलेच तर ते कशामुळे, हा विषय सुनेसमोर काढायचा नाही.