नव्या गड्याचा भाव

प्रश्न असा आला आहे : अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल स्पर्धेबद्दल मराठीत लिहिताना ‘रूकी’ आणि ‘ट्रेड व्हॅल्यू’ यांना काय म्हणावं? विचारणाऱ्यांनी आपलं वाक्यही दिलं आहे. ‘रूकी सीझननंतर या नवख्या खेळाडूचे व्यापारमूल्य वाढले असून संघातील त्याची भूमिका स्पष्ट नाही.’ वाक्य चुकीचं नाही, पण कानाला खटकतं, असं त्यांचं म्हणणं. खटकायलाच हवं. त्यातले तीन शब्द आपापल्या जागी बसलेले नाहीत.

आधी ‘नवखा’. नवखा म्हणजे ज्याला त्या कामाची, त्या जागेची सवय नाही असा. त्यात थोडं कच्चेपण आहे. एनबीएतला रूकी कच्चा असेलच असं नाही. त्याचा त्या स्पर्धेतला पहिला हंगाम चालू आहे, एवढाच अर्थ. एनबीएतले संघ दरवर्षी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. तशी बेन सिमन्सची निवड 2016 साली झाली, पण दुखापतीमुळे पहिलं वर्ष तो खेळलाच नाही. सर्वोत्तम रूकीचा मान त्याला मिळाला तो 2017-18च्या हंगामासाठी. ‘पदार्पण’ हा शब्द वर्तमानपत्रांनी रुळवला आहे, पण पदार्पण म्हणजे पहिलं पाऊल, पहिला सामना. 82 सामन्यांच्या हंगामाला तो अपुरा पडतो. ‘पहिलटकर’ हा शब्द नेमका बसला असता, पण पहिलटकरीण कोण हे आपल्याकडे इतकं पक्कं ठरलेलं आहे की तिथे हात लावू नये.

मला ‘नवा गडी’ आवडतो. कबड्डी-खोखोत आपण गडी बाद झाला म्हणतो, राखीव गडी म्हणतो. म्हणजे हा मैदानातलाच शब्द आहे. ‘नवा गडी, नवं राज्य’ हे तर लहानपणी प्रत्येकाने ऐकलेलं असतं. मधेच खेळायला आलेल्यावर राज्य येतं, त्याचा कस आधी लागतो. रूकीच्या पहिल्या वर्षाचं याहून चांगलं वर्णन मला सुचत नाही.

जाता जाता एक. इंग्रजीतला ‘रूकी’ बहुधा ‘रिक्रूट’ या शब्दाचं बोलीतलं रूप असावा, असं मानतात. त्याच ‘रिक्रूट’चा आपल्याकडच्या फौजेत ‘रंगरूट’ झाला. तसं असेल तर रूकी आणि रंगरूट हे सख्खे भाऊ ठरतात. खेळाडूला रंगरूट म्हणावं असं मी सुचवत नाही, पण हे नातं कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

आता ‘व्यापारमूल्य’. खरी अडचण इथे आहे. व्यापार म्हटलं की पैसे देऊन माल घेणं डोळ्यांपुढे येतं. आयपीएलमध्ये ते चालतं, कारण तिथे लिलाव आहे, बोली आहे. 2023च्या नोव्हेंबरात हार्दिक पंड्या गुजरात टायटन्सकडून मुंबई इंडियन्सकडे आला, तेव्हा बदल्यात खेळाडू नव्हे, पैसा गेला. तिथे ‘किंमत’ हा शब्द चोख आहे. एनबीएत मुख्य व्यवहार अदलाबदलीचा असतो : खेळाडूच्या बदल्यात खेळाडू, किंवा पुढच्या वर्षांत नवा खेळाडू निवडण्याची पाळी, म्हणजे निवडीचा हक्क. म्हणून ट्रेडला ‘अदलाबदल’ म्हणावं, आणि व्हॅल्यूला ‘भाव’.

भावच का, मोल का नाही? मोल टिकाऊ असतं, भाव रोज हलतो. भाव वधारतो, उतरतो, पडतो. मायकल कार्टर-विल्यम्सचं उदाहरण घ्या. फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्सने 2013 साली त्याला अकराव्या क्रमांकावर निवडलं. पहिल्याच सामन्यात, मायामी हीटविरुद्ध, 22 गुण, 12 असिस्ट, म्हणजे सोबत्याला गुण मिळवून देणारे पास, आणि 9 स्टील, म्हणजे प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावलेले चेंडू. हंगामाची सरासरी 16.7 गुण, 6.2 रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू), 6.3 असिस्ट, आणि वर्षातला सर्वोत्तम रूकी हा मान. पण संघाने त्या वर्षी 82 पैकी 63 सामने गमावले होते. अशा संघात चेंडू सतत एकाच्याच हातात राहतो आणि आकडे फुगतात. तीन गुणांच्या फेकी तर त्याच्या चारातली एक जेमतेम आत जात होती. 19 फेब्रुवारी 2015 रोजी, म्हणजे मान मिळून वर्षही झालं नव्हतं, तीन संघांच्या अदलाबदलीत तो मिलवॉकीला गेला. ब्रँडन नाइट मिलवॉकीहून फीनिक्सला गेला, आणि फिलाडेल्फियाच्या हाती आला लेकर्स या संघाच्या निवडीचा एक हक्क, तोही अटी घातलेला. तो वापरायला 2018 उजाडलं. संघाने ओळखलं होतं की याचा भाव आज आहे तो उद्या नसेल. ‘मूल्य’ लिहिलं असतं तर ही घाई त्या शब्दात मावली नसती.

मोल मात्र अगदीच टाकू नका. ‘मोलमजुरी’त मोल म्हणजे श्रमाचा दाम, आणि नव्या गड्याच्या हिशेबात तोच महत्त्वाचा. पहिल्या फेरीत निवडलेल्याचा पगार ठरावीक श्रेणीत बांधलेला असतो. दोन वर्षं पक्की, पुढची दोन संघाच्या मर्जीवर. एकूण पगारावर मर्यादा असलेल्या या खेळात चांगलं खेळणारा स्वस्त गडी म्हणजे घबाड. पगार लहान, म्हणून भाव मोठा.

राहिली ‘भूमिका’. मराठी वाचकाला ‘भूमिका स्पष्ट नाही’ वाचलं की एखाद्या पक्षाची भूमिका आठवते. इथे साधं ‘काम’ लिहावं. सॅक्रामेंटो किंग्जकडे टायरीस हॅलिबर्टन पहिल्या हंगामात 58 सामने खेळला, त्यातल्या फक्त 20 सामन्यांत सुरुवातीपासून. सरासरी 13 गुण, 5.3 असिस्ट. चेंडू मुख्यतः त्याचा सोबती डिॲरन फॉक्स याच्या हाती. शाहिराच्या मागे झीलकरी उभा राहतो, तसं याचं काम. पण गळा मात्र शाहिराचा होता. फेब्रुवारी 2022मध्ये डोमँटस सबोनिससारखा दोनदा ऑल-स्टार, म्हणजे वर्षातल्या निवडक खेळाडूंपैकी एक, झालेला खेळाडू मिळवण्यासाठी किंग्जने हॅलिबर्टनला इंडियाना संघाकडे दिलं. तिथे फड त्याच्याच हाती आला. 2023-24मध्ये सामन्यामागे असिस्टच्या सरासरीत तो सगळ्या स्पर्धेत पहिला होता, आणि 2025मध्ये इंडियाना अंतिम फेरीत पोचली.

तेव्हा तुमचं वाक्य मी असं लिहीन : ‘पहिल्या हंगामानंतर या नव्या गड्याचा भाव वधारला आहे, संघात त्याचं काम काय, हे मात्र अजून ठरलेलं नाही.’ शीर्षकात ‘रूकी’ ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा, तो आता वाचकांच्या ओळखीचा आहे. ‘व्यापारमूल्य’ तेवढं काढा.