उशीचा अभ्रा आणि आकाशातले अभ्र

उशीच्या ‘अभ्र्या’चा ढग या अर्थाच्या ‘अभ्र’ शब्दाशी काही संबंध आहे का, असे नाशिकरोडच्या एका भगिनींनी विचारले आहे. ढग आकाश झाकतो तसा अभ्रा उशी झाकतो, अशी व्युत्पत्ती त्यांच्या कानावर आली होती. ती ऐकायला गोड आहे, पण खरी नाही.

‘अभ्रा’ हा फारसी ‘अब्रा’वरून आला. दुपदरी वस्त्राचा बाहेरचा, दिसणारा पदर तो ‘अब्रा’ आणि आतला तो ‘आस्तर’, म्हणजेच आपले ‘अस्तर’. हिंदीतही रजईच्या वरच्या कापडाला ‘अबरा’ म्हणतात. मराठीने या जोडीतले दोन्ही शब्द घेतले. मात्र अस्तर शिंप्याकडे कोटाच्या आत गेले आणि अभ्रा मुख्यतः उशीवर राहिला. ‘ब’चा ‘भ’ होण्यामागे कानाला सरावलेल्या संस्कृत ‘अभ्र’चा हात असावा, असे मला वाटते.

व्याकरणही हे दोन शब्द वेगळे ठेवते. ‘ते अभ्र’ नपुंसकलिंगी आहे, ‘तो अभ्रा’ पुल्लिंगी. अनेकवचन दोन्हींचे ‘अभ्रे’च होते, आणि गोंधळ बहुधा तिथूनच सुरू होतो, पण विभक्ती लावली की आकाश ‘अभ्रांनी’ भरते आणि उशा ‘अभ्र्यांनी’ सजतात. संस्कृत अभ्राच्या कुळातला घरगुती मराठी शब्द हवा असेल, तर तो ‘आभाळ’ आहे. उशी मात्र खरोखरच संस्कृत घराण्यातली, ‘उच्छीर्षक’ शब्दातून प्राकृतामार्गे आलेली. तिच्या अंगावर फारसी वस्त्र चढले, इतकेच.

‘अभ्रा’ आणि ‘खोळ’ हे शब्द अनेक घरांत एकाच अर्थाने वापरतात. जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्यात तसे नव्हते. पिंजारी अंगणात बसून कापूस पिंजायचा, तो ज्या जाड मांजरपाटाच्या पिशवीत ठासून तोंड शिवून टाकायचा ती खोळ. आणि तेलकट झाला की आजी ओढून काढून धुवायला टाकायची तो अभ्रा. खोळ उसवावी लागे, अभ्रा नुसता काढता येई. मूळ फारसी अर्थातला ‘बाहेरचा पदर’ या फरकात अजून शाबूत आहे.

गंमत अशी की, फारसीतही ढगाला ‘अब्र’च म्हणतात आणि तो शब्द आपल्या संस्कृत अभ्राचा सख्खा भाऊ आहे. त्यामुळे भगिनींना पडलेला प्रश्न एखाद्या इराणी गृहिणीलाही पडू शकतो.