तपासनीस ‘उघडच आहे’ म्हणतो, पण क्लेममध्ये स्प्रिंग आहे कुठे?

तुमचं म्हणणं असं: सांवेर रोडच्या शेडमध्ये तुम्ही शेव पाडायचं यंत्र बनवलंत. स्क्रू आणि दट्ट्या यांच्यामध्ये स्प्रिंग आहे, त्यामुळे पीठ घट्ट-सैल झालं तरी शेव तुटत नाही. पेटंट कार्यालयाच्या तपासनिसाने एक हातसोऱ्या आणि एक मोटरचं प्रेस अशी दोन जुनी पेटंटं जोडून शोध ‘उघड’, म्हणजे जाणकाराला सहज सुचण्यासारखा, ठरवला. दोन्हींत स्प्रिंग नाही, मग उघड कसा?

मी इंदूरातच पेटंट एजंट आहे. तुमचा पहिला क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क मागता ते सांगणारं अर्जातलं वाक्य, दोनदा वाचला: ‘पीठ भरण्याचे नळकांडे, छिद्रांची चकती आणि पीठ चकतीवर दाबणारे, मोटरवर चालणारे दाबसाधन.’ मग आईचा पितळी सोऱ्या ओट्यावर ठेवला. नळकांडं आहे, चकती आहे, मूठ फिरवली की दट्ट्या खाली येतो, म्हणजे दाबसाधनही आलं. राहिली फक्त मोटर. ती जोडायचं कुठल्याही फिटरला सुचेल. तपासनीस बरोबर आहे, कारण त्याने मोजले ते क्लेममधले शब्द. स्प्रिंग वर्णनात आहे, पण तिथून ती आपोआप क्लेममध्ये येत नाही. वर्णनावरून क्लेममधल्या शब्दाचा अर्थ लावतात, नसलेला शब्द त्यात भरता येत नाही.

तेव्हा स्प्रिंग क्लेममध्ये आणा. ‘लवचिक भाग’ असं मोघम मात्र लिहू नका, त्यात रबरी वॉशरही बसेल. ती कशाच्या मध्ये आहे आणि दाब वाढला की काय करते, ते लिहा. पेटंट कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे क्लेम आवळता येतो, मूळ अर्जात नसलेली गोष्ट घालता येत नाही. तुमच्या आकृतीत स्प्रिंग दिसते, हे फार बरं झालं.

त्यानंतर खरा वाद सुरू होतो: त्या दोन जुन्या पेटंटांवरून या कामातल्या जाणकाराला स्प्रिंग तिथेच बसवावीशी का वाटली असती? ‘विक्री वाढली’ एवढ्यावर भागत नाही. कलम २(१)(जेए) मध्ये आर्थिक महत्त्व धरलं आहे, पण जाणकाराला ते उघड नसणं ही अट सुटत नाही. भांडी लेथवर धरण्याच्या पद्धतीचं पेटंट १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात टिकलं नाही, ते असंच: बदल कारखान्यात सहज होणाऱ्या सुधारणेइतकाच ठरला. घट्ट पिठात जुन्या प्रेसची शेव कशी तुटते आणि तुमची का नाही, याच्या चाचण्यांचे आकडे उत्तराला जोडा.

तपासनिसाच्या अहवालाच्या तारखेपासून सहा महिने आहेत. उत्तर मुंबईच्या पेटंट कार्यालयात जाईल. सुधारलेला क्लेम इथे टाका, मी शब्द न् शब्द पाहून देतो.