व्हेंटिलेटरवर असतानाच टाचेकडे बघा

ताई, तुमचे सासरे मिरजेत ९ दिवस व्हेंटिलेटरवर, फिजिओ मॅडम त्यांना पलंगाच्या कडेला बसवायचं म्हणतात आणि घरचे म्हणतात 'पडू दे की निवांत'. वाचून आमचेच दिवस आठवले. मी डॉक्टर नाही, शेवटचा शब्द तिथल्या डॉक्टरांचाच.

बसवू द्या. तोंडात नळी असली तरी बसवता येतं. गुंगीचं औषध कमी करून 'डोळे उघडा, हात दाबा' एवढं कळतंय का बघतात. मशीनमधून दिला जाणारा ऑक्सिजन ६० टक्क्यांच्या आत, पीप (श्वास सोडल्यावरही मशीन फुप्फुसात ठेवतं तो दाब) १० पर्यंत, श्वास मिनिटाला ३० च्या खाली, बीपी टिकवून धरायच्या औषधाचा डोस वाढता नको, असा साधारण हिशोब असतो. तीन-चार माणसं लागतात, त्यातलं एक फक्त नळी धरायला. ओठापाशी नळीवर जो आकडा दिसतो तोच बसवल्यावरही दिसला पाहिजे. मात्र जोर लावून जास्त उठवलं की जास्त फायदा, असंही नाही. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना लवकर उठवण्यावरच्या २०२२ च्या 'टीम' चाचणीत ७५० रुग्ण होते; जास्त जोर दिलेल्या गटाला वेगळा फायदा दिसला नाही, उलट त्रासाच्या घटना वाढल्या.

आता पायाचं. आम्हाला महाग पडलं ते हेच. सगळे मॉनिटरकडे बघतात, पाय चादरीखाली. गुंगीतला पाय बाहेर कलंडतो आणि गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, हाडाला वळसा घालून जाणारी नस गादीवर नाहीतर रेलिंगवर दबते. पाऊल वर उचलणारे स्नायू याच नसेवर चालतात. त्यात ताणून खोचलेली चादर पंजा खाली दाबते, पोटरी आखडते. नळी निघाली, अंगात ताकद आली, तरी टाच जमिनीला टेकेना!

म्हणून भेटायला गेलात की आधी चादर उचला. पाय सरळ आणि गुडघ्याची वाटी छताकडे हवी. नसेल तर सिस्टरना मांडीच्या बाहेरून टॉवेलची गुंडाळी लावायला सांगा. नुसत्या गुडघ्याखाली कायमची उशी नको, गुडघा वाकलेलाच आखडतो. पाऊल काटकोनात धरणारा स्प्लिंट मागा, पण तो काढून कातडी लाल झालीय का बघत राहायचं. पोटरी ताणायची ती फिजिओकडून शिकून: टाच तळहातात, पंजा हळूच वर, साधारण ३० सेकंद, चार-पाच वेळा. एक पोटरी सुजलेली, गरम लागली तर हात लावू नका, आत रक्ताची गाठ असू शकते, आधी डॉक्टरांना सांगा.

डिस्चार्ज कार्डावर मिळते एकच ओळ, 'फिजिओथेरपी चालू ठेवावी'. कुठे, किती, कोण करणार? जत-आटपाडीकडून रोज मिरजेला कोण येणार? खिडकीवर विचारलं तर 'ओपीडीला या'. त्यापेक्षा सुट्टी मिळायच्या दोन दिवस आधी व्यायाम तुमच्या हातून करून घ्यायला लावा, मोबाइलवर शूट करा.

घरी कमोड खुर्ची आधीच आणून ठेवा. आणि झोळ पडलेल्या बाजेवर झोपवू नका, तिच्यातून उठायला धडधाकट माणसालाही हात द्यावा लागतो.