गावची डिश आणि आईची आरडी: तीन वर्षांचे पैसे एकदम भरायचे का?

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका वाचकाने विचारलंय. आई-बाबा देवरुखजवळच्या गावात राहतात, बाबा एसटीतून रिटायर, पीएफच्या ईपीएस-९५ योजनेची पेन्शन महिना ३,२०० च्या आसपास, बाकी लागेल तसं मुलगा पाठवतो. गावातली केबल बंद पडली म्हणून आता डिश बसवायची आहे. देवरुखच्या एजंटने एक मराठी एचडी पॅक दाखवलंय ज्यात खेळांची चॅनेलही आहेत, महिन्याला ४०० रुपये, वर्षाचे एकदम भरले तर ४,४०० आणि तीन वर्षांचे एकदम भरले तर १२,०००. बॉक्स, डिश आणि फिटिंगचे १,५०० कसंही भरा तरी वेगळे. आता योगायोगाने आईची पोस्टातली आरडी पुढच्या महिन्यात मॅच्युअर होतेय आणि त्याचे बरोबर १२ हजारच येतायत, तर ते भरून तीन वर्षांची कटकट मिटवावी का, की सरळ दूरदर्शनची डीडी फ्री डिश बसवावी, आणि कंपनी कुठली घ्यावी?

पहिलं म्हणजे एजंटला आरडीचं कोणी सांगितलं होतं का हो? गंमत करतेय, पण आकडा इतका बरोबर जुळतो तेव्हा मला जरा शंका येते.

चला हिशोब करू. महिन्याला ४०० ने तीन वर्षांचे १४,४०० होतात, एजंट १२,००० मागतोय, म्हणजे सहा महिने फुकट, ऐकायला मस्त वाटतं. वर्षाच्या ऑफरमध्ये एकच महिना फुकट. त्यामुळे कोणालाही वाटणार की तीन वर्षांचंच भारी. पण पैसे आज जातात आणि टीव्ही तर ३६ महिने थोडा थोडा बघून होणार, म्हणजे मधल्या काळात तुम्ही कंपनीला उधार दिलंय असं समजा आणि सूट म्हणजे त्या उधारीचं व्याज. तसं धरलं तर वर्षाच्या ऑफरमध्ये तुम्हाला वर्षाला साधारण १९ टक्के व्याज सुटतं, कारण पैसे थोडेच दिवस अडकतात. तीन वर्षांच्या ऑफरमध्ये मात्र १३ टक्क्यांच्या आसपासच. म्हणजे कानाला सहा महिने मोठे लागतात पण दर एका महिन्यावाल्या ऑफरचा चांगला आहे. अर्थात पोस्टाची आरडी ६.७ टक्के देते, त्यापेक्षा दोन्ही जास्तच, हे मी लपवणार नाही. टीव्ही ठरल्याप्रमाणे वर्षभर नक्की चालणार असेल तर वर्षाचे एकदम भरणं हा पैशाच्या दृष्टीने वाईट सौदा नाहीच.

माझी अडचण "तीन वर्षं" या शब्दाशी आहे. तीन वर्षांत काय काय होतं बघा. चॅनेल एका पॅकमधून दुसऱ्यात जातात, दर बदलतात, मुलगा म्हणतो आता फायबर घेऊ, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आई-बाबांचं वय. माझ्या सासूबाईंसाठी आम्ही असंच लांबचं पॅक भरलं होतं, कुठली कंपनी ते राहू दे, पाच महिन्यांनी त्यांचा गुडघा दुखायला लागला आणि त्या आमच्याकडे राहायला आल्या. गावचा टीव्ही झाकून ठेवलेला आणि पैसे तिकडे अडकलेले. रिफंडसाठी तीनदा फोन केला, चौथ्यांदा नवऱ्याने हात जोडले, सोड म्हणाला. वर्षावर्षाला भरलंत तर तीन वर्षांचे १३,२०० होतील, म्हणजे एजंटच्या ऑफरपेक्षा १,२०० जास्त, महिन्याला ३३ रुपये. तेवढ्यात दर वर्षी बाहेर पडायची मोकळीक मिळते, मला ती स्वस्त वाटते.

पण खरी बचत या भांडणात नाहीच, ती पॅकमध्ये आहे. आईला विचारा संध्याकाळी नक्की काय काय लावते, आठवडाभर एका कागदावर लिहून काढायला सांगा, बाबांचंही तसंच. मी पैजेवर सांगते सात-आठच्या वर चॅनेल निघणार नाहीत. स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी, सोनी मराठी, सिनेमांसाठी झी टॉकीज आणि प्रवाह पिक्चर, बाबांना क्रिकेटचं एक. मराठी बातम्यांची बहुतेक चॅनेल फ्री टु एअर आहेत, त्याला वेगळे पैसे नाहीत.

२०१९ च्या फेब्रुवारीत ट्रायची, म्हणजे टीव्ही-फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, नवी दर पद्धत लागू झाली आणि तेव्हापासून आपण बघू तेवढ्याच चॅनेलचे पैसे देऊ शकतो. तेव्हा किती गोंधळ झाला होता आठवतंय का, घरोघरी लोक कागद-पेन घेऊन चॅनेल निवडत बसलेले आणि शेवटी वैतागून कंपनी देईल ते पॅक घेतलं. दोन भाग असतात. एक एनसीएफ, म्हणजे नुसतं कनेक्शन चालू ठेवायचं भाडं, ते आधी १३० रुपयांच्या वर नेता यायचं नाही, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. २०२४ मध्ये ट्रायने ती मर्यादा काढली त्यामुळे आता कंपनी स्वतः ठरवते, विचारून घ्या. दुसरा भाग चॅनेलचे दर. बुकेमध्ये, म्हणजे एकत्र विकायच्या चॅनेलच्या जुडीत, घालायचं तर चॅनेलचा दर १९ रुपयांच्या वर ठेवता येत नाही, म्हणून मोठी मोठी चॅनेल बहुतेक १९ किंवा त्याच्या खालीच असतात. आता सगळीच्या सगळी सातही १९ ची धरा, १३३ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, १५७ झाले. जुन्या मर्यादेएवढा एनसीएफ धरला तर एकूण ३१०. आणि हा मी वरचाच आकडा धरलाय कारण एकाच ग्रुपचा मराठी बुके घेतला तर सुट्या चॅनेलपेक्षा बराच स्वस्त पडतो.

म्हणजे ४०० चे ३१० झाले, महिन्याला ९०, तीन वर्षांत ३,२४०. एजंट १२ हजार आधी घेऊन तुम्हाला २,४०० सोडतोय. इथे एक रुपया आधी न देता त्यापेक्षा जास्त सुटतात. एजंट हे आपणहून सांगणार नाही, त्यालाही दोष नको द्यायला, त्याचं पोट पॅकवर आहे.

एचडीचं म्हणाल तर टीव्ही ३२ इंची आहे असं तुम्ही लिहिलंय, बाबा पडवीतल्या झोपाळ्यावरून बघत असतील तर साध्यात आणि एचडीत फरक कळणार नाही. क्रिकेटचं एक एचडी घ्या फार तर, आईच्या मालिकांना साधं चालतं. चष्म्याचा नंबर तपासून आणा त्यापेक्षा.

आता फ्री डिशचं. महिन्याचा खर्च शून्य, एकदा दीड-दोन हजार घालून बॉक्स-डिश बसवली की झालं, हे खरंच आहे आणि पेन्शनवर जगणाऱ्या घराला मी बऱ्याचदा हेच सांगते. सह्याद्री आहे, काही मराठी चॅनेलही असतात, फक्त खाजगी चॅनेलच्या जागांचा लिलाव होतो त्यामुळे आज दिसतंय ते पुढच्या वर्षी दिसेलच असं नाही. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. भारताच्या पुरुष संघाचे वनडे आणि टी-ट्वेंटी सामने कायद्याने दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावेच लागतात, पण २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ते दूरदर्शनच्या स्वतःच्या अँटेनावर आणि फ्री डिशवरच दिसतील, खाजगी डिशवर किंवा केबलवर नाही. म्हणून पैसे भरणाऱ्याच्या घरी दूरदर्शनवर मॅचच्या वेळी भलतंच काहीतरी चालू असतं आणि शेजारी फुकट्याच्या घरी मॅच! बाबांना नुसता भारत बघायचा असेल तर फ्री डिश पुरेल. आयपीएल मात्र त्यात पूर्ण मिळेल असं धरू नका.

पण आईच्या झी मराठी आणि स्टार प्रवाहच्या मालिका फ्री डिशवर मिळणार नाहीत. आणि तुमच्या पत्रात एक ओळ होती, "आई दिवसभर एकटीच असते, बाबा पारावर". त्या ओळीमुळे मी फ्री डिशला नाही म्हणतेय. सात ते साडेनऊ या अडीच तासांसाठी रोजचे दहा रुपये, त्यात मी काटकसर शोधणार नाही.

फायबर आणि ओटीटी थोडक्यात, कारण गावात फायबर अजून आलेलं नाही असं तुम्हीच म्हणता. मोबाईलच्या डेटावर टीव्ही चालवाल तर तासाला एक-दीड जीबी आरामात उडतो, दिवसाचा डेटा पहिल्या दोन मालिकांतच संपेल. शिवाय आईने दोन रिमोट आणि पासवर्ड सांभाळायचे, नको.

कुठली कंपनी? खरं सांगू का, टाटा प्ले, एअरटेल, डिश टीव्ही, डीटूएच, सन डायरेक्ट, दर आणि चॅनेल यात जमीन-अस्मानाचा फरक नाही. कोकणात मी तीन गोष्टी बघेन. देवरुखहून जुलैच्या पावसात दुरुस्तीला माणूस कोणाचा येतो, हे एजंटला नाही, वाडीतल्या दोन घरांना विचारा. दुसरं झाडं. प्रत्येक कंपनीचा उपग्रह आकाशात वेगळ्या ठिकाणी आहे, टाटा प्लेचा ८३ अंश पूर्वेला, डिश टीव्हीचा ९५, एअरटेलचा १०८ च्या जरा पुढे. तुमचं गाव ७४ अंश रेखांशाच्या जरा अलीकडे. म्हणजे ८३ वाल्याला डिश दक्षिणेकडून थोडी पूर्वेला आणि बरीच वर तोंड करून बसते, १०८ वाल्याला मात्र चांगलीच पूर्वेकडे वळून आणि खाली झुकून बघावं लागतं. घराच्या पूर्वेला आंबा-फणस दाट असेल तर झाड दर पावसाळ्यात वाढतं आणि सिग्नल जातो, मग दर वर्षी फांदी तोडायला माणूस शोधा. तिसरं म्हणजे पाऊस. धो धो कोसळला की कुठल्याही कंपनीचं चित्र जातं, ते लहरींचंच आहे, पण तिरप्या वाटेने येणाऱ्या सिग्नलला पावसातून जास्त अंतर कापावं लागतं त्यामुळे तिकडे जरा जास्त त्रास. तुमच्या वाडीत कोणाकोणाकडे काय आहे आणि गेल्या पावसात किती वेळा गेलं, एवढं बाबांना पारावर विचारायला सांगा, कुठल्याही जाहिरातीपेक्षा खरी माहिती मिळेल.

हे सगळं बसवायच्या आधीच बघा, कारण एका कंपनीचा बॉक्स दुसरीला चालत नाही. मोबाईलसारखं पोर्ट करून जाता येत नाही, सोडलं तर ते १,५०० पुन्हा घालायचे. बॉक्स तुमच्या मालकीचा की कंपनीचा हेही पावतीवर लिहून घ्या.

मग मी काय करेन. पहिले तीन महिने महिन्याचं रिचार्ज, छाटलेल्या चॅनेलचं, तेही नेमकं पावसाळ्याच्या तोंडावर सुरू करेन म्हणजे सिग्नलची परीक्षा होऊन जाईल. टिकलं तर मग वर्षाचं भरा, तुमच्या निवडलेल्या चॅनेलवर वर्षाची सूट देतात का ते विचारून, नसतील देत तर महिन्याचंच चालू ठेवा, ४०० च्या पॅकवर परत जाऊ नका. पैसे घेणाऱ्या डिश कंपन्यांकडचे ग्राहक २०२१ मध्ये सात कोटींच्या घरात होते, २०२५ मध्ये सहा कोटींच्याही खाली आले, त्यामुळे सोडून जातो म्हटलं की हल्ली कस्टमर केअरवाले बरंच ऐकतात. दिवाळीनंतर आई-बाबा दोन महिने तुमच्याकडे पुण्याला येतात ना, तेव्हा आधी कळवून कनेक्शन तात्पुरतं बंद ठेवता येतं, ट्रायच्या नियमात ती सोय आहे, कोणी वापरत नाही.

आरडीचे १२ हजार आईचे आहेत. बाबांची पेन्शन ३,२०० आणि त्यातले ३१० म्हणजे जवळजवळ दहावा हिस्सा, तो बाबांवर टाकू नका आणि आईच्या पुंजीतूनही घेऊ नका, रिचार्ज तुमच्या फोनवरून करा, दहा सेकंदांचं काम आहे. बाबा म्हणतील मी भरतो, म्हणू दे, त्यांच्याकडून दिवाळीत एकदा शंभर घ्या. आणि आईला विचारा तिने ती आरडी कशासाठी लावली होती, मला नाही वाटत डिशसाठी लावली असेल.

एजंटकडे दोन गोष्टी मात्र भांडून करून घ्या, डिश चिऱ्याच्या भिंतीत लांब बोल्ट घालून पक्की बसवायची, कारण माकडं त्यावर उड्या मारतात आणि एक इंच जरी हलली तरी चित्र गेलं, आणि वायरचा जॉइंट अशा ठिकाणी ठेवायचा की वीज कडाडायला लागली की आईला स्टुलावर न चढता पिन काढता येईल.