सोबत हवी, पहारा नको

अनेक आशीर्वाद.

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला. मैत्रीण गावी गेली आणि तुझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण अडलं. ती खोलीत असली की चार पानं होतात, नसली की कपाट आवरून होतं. इथवर सगळं नेहमीचं. मला चीड आली ती तुझ्या शेवटच्या वाक्याची: "शेजारी कोणी बसल्याशिवाय काम होत नाही म्हणजे मला शिस्तच नाही." हे तुझ्या डोक्यात भरवलं कोणी?

तुला विषयाची ओढ आहे, कष्टाचं वावडं नाही, हे आपण दोघी जाणतो. त्यावर शाई घालवत नाही. तुला सोबत लागते. लागू दे. ती मागायची, वेळ ठरवून मागायची आणि त्याबद्दल कोणाला सफाई देत बसायचं नाही. अट एकच. सोबत हवी, पहारा नको.

पुण्यात राहणाऱ्या मुलीला हे सांगावं लागतं याचंच नवल. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचं काम 1919 साली सुरू झालं आणि 1966 साली पुरं झालं. ते काही कोण्या व्रतस्थाने दार लावून केलेलं नाही. सुखठणकरांसारखे संपादक होतेच, पण पोथ्या ताडून बघायला शास्त्री होते, पदवीधर होते. एकाच श्लोकाचे शारदा, ग्रंथ, मल्याळम, बंगाली, देवनागरी अशा लिप्यांमधल्या पोथ्यांतले पाठ बघायचे, फरक नोंदवायचा, पुढचा श्लोक घ्यायचा. हे एकट्यादुकट्याला खोलीत कोंडून सांगितलं असतं तर आदिपर्व तरी संपलं असतं का?

आमच्या छापखान्यात तर सोबत हीच पद्धत होती. जुळाऱ्याने खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवून गॅली प्रूफ, म्हणजे तपासणीचा कच्चा छाप, काढलं की एकजण हस्तलिखित मोठ्याने वाचायचा आणि दुसरा पेन्सिल घेऊन प्रूफावर नजर ठेवायचा. वाचणारा नुसते शब्द वाचत नसे. "स्वल्पविराम", "अवतरण सुरू", "अवतरण बंद", "नवा परिच्छेद", सगळं तोंडाने. शब्द घोटाळ्याचा असला की "पहिली वेलांटी", "दुसरा उकार" असं अडून सांगायचा. एकाला डुलकी लागली की दुसऱ्याचं काम अडायचं, म्हणून भर उन्हाळ्यातल्या दुपारीही डुलकी लागत नसे. त्या दोघांना शिस्त नाही असं म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

मग मला बढती मिळाली आणि तिच्यासोबत केबिन. दार, पंखा, नावाची पाटी. त्याआधी माझं टेबल हिशेबाच्या टेबलासमोर होतं. तिथल्या बाई दिवसभर पावत्या लावायच्या. बोटाला पाणी लावायचं, पावती उलटायची, टाचणी मारायची. आमचं बोलणं फारसं नसे. त्यांची फाईल बंद व्हायच्या सुमाराला माझंही प्रकरण तपासून झालेलं असायचं. केबिनमध्ये गेले आणि हाती घेतलेला अनुवाद महिनोन्महिने तसाच पडला. मी स्वतःला दूषणं देत बसले नाही. खुर्ची उचलली आणि पुन्हा बाहेर येऊन बसले. 'हिला मान पचत नाही' असं ऑफिसात बोललं गेलं. बोलोत. त्यानंतर मी हातावेगळी केलेली पुस्तकं कपाटात आहेत, येऊन मोज. तो अनुवाद तेवढा दुसऱ्या कोणी तोवर करून छापलाही. ते अजून सलतं. मूळ लेखकाचा तिरकसपणा त्यात कुठेच उतरलेला नाही, आणि हे मी जळून म्हणत नाही. असो.

आता पहाऱ्याचं. तू मैत्रिणीला सांगून ठेवलं होतंस ना, "मी फोन हातात घेतला की मला ओरड"? तिथे चुकतंय. ती तुझी सोबतीण राहिली नाही, जमादार झाली. दर वेळी ओरडायचा तिलाही कंटाळा येणार, आणि तू फोन घेताना तिच्याकडे बघणार. निम्मं लक्ष तिथेच गेलं.

माणसाच्या सोबतीचा कामावर काय परिणाम होतो हे फार जुन्या काळापासून तपासलं गेलंय. नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1898 साली सायकल शर्यतींच्या नोंदी पाहिल्या. नुसत्या घड्याळाशी झगडणाऱ्यांपेक्षा इतरांबरोबर सायकल हाणणारे वेगात होते. पण तुझ्या उपयोगाचं आहे ते रॉबर्ट झायन्सचं 1965 सालचं म्हणणं. आजूबाजूला माणसं असली की सरावाचं काम झपाट्याने होतं आणि नवं, अजून हाताखाली न आलेलं काम उलट अडखळतं. त्याप्रमाणे कामं वाटून घे. तळटीपा, संदर्भसूची, मुलाखती ऐकून उतरवून काढणं, मार्गदर्शकांनी लाल केलेली पानं दुरुस्त करणं, हे सगळं सोबतीत. मुद्दाच सापडत नसेल तेव्हाही बसायची सुरुवात सोबतीनेच कर, पण खांद्यावरून डोकावणारं कोणी तिथे असता कामा नये. शेजारचा त्याच्या कामात मान खाली घालून असला की त्याची अडचण होत नाही. म्हणून म्हणते, पहारा नको.

अभ्यासिकेचं तुझं कारण वाचून तर मी कपाळाला हात लावला. नव्या पेठेत पैसे भरून जागा घेतलीस आणि सोडलीस, का तर "तिथे सगळे एमपीएससीवाले, माझं कोणीच नाही". अगं, तुझं कोणी नाही म्हणून तर ती जागा तुझ्यासाठी! त्यांच्या 'ॲन्सर की'शी, कट-ऑफशी, जाहिरात कधी निघणार याच्याशी तुला देणंघेणं नाही. चहाला खाली उतरलीस तरी पाच मिनिटांत परत येशील, कारण बोलायला विषयच नाही. याउलट जयकर ग्रंथालयात तुम्ही चार पीएचडीवाल्या एकत्र बसता ती सोबत नव्हे. तिथे गाईडची गाऱ्हाणी होतात, कोणाचं प्रकरण कुठवर आलं याची चौकशी होते आणि तू घरी येतेस ती रडवेली होऊन. एकाच रांगेत उभी असलेली माणसं एकमेकांचा नंबर बघणारच. ज्याचं काम तुझ्यापेक्षा अगदी वेगळं, त्याच्याशेजारी बस. हिशेबवाला, शिवणकाम करणारी, नकाशे काढणारा, कोणीही चालेल.

अनोळखी माणसाबरोबर कॅमेरा लावून बसावं का, असंही विचारलं आहेस. बस की. फोकसमेटसारख्या सेवेवर 25, 50 किंवा 75 मिनिटांची बैठक घेता येते. सुरुवातीला काय करणार ते सांगायचं, मग गप्प राहून करायचं, शेवटी किती झालं ते सांगायचं. याला 'बॉडी डबलिंग' म्हणतात आणि एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं मुळातच अवघड जाण्याची अवस्था, असलेल्या बऱ्याच जणांना त्याचा आधार वाटतो. तुला तसं काही आहे का हे मानसोपचारतज्ज्ञ सांगतील, मी नाही. शंका असेल तर जाऊन ये, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण सोबत मागायला डॉक्टरांच्या कागदाची गरज नाही.

सांगतानाही मोजकं सांग. "आज प्रकरण संपवते" असं म्हणशील तर मी ऐकणार नाही. "तळटीप 14 ते 30 तपासते" असं म्हण. शेवटी झालं तेवढं सांग, न झाल्याची कहाणी नको. समोरच्यानेही शाबासकी द्यायची नाही. शाबासकी हाही पहाराच. आणि एक गोष्ट तू विसरतेस: तूसुद्धा त्याची सोबत आहेस. तू दांडी मारलीस की त्याचाही दिवस जातो. स्वतःला दिलेला शब्द आपण सर्रास मोडतो, दुसऱ्याला दिलेला मोडताना जीभ अडते. या अडण्याचा उपयोग करून घ्यायचा, त्याला नावं ठेवायची नाहीत.

यूजीसीच्या 2022च्या नियमांत पीएचडीला कमाल सहा वर्षं दिली आहेत. त्यातली किती कपाट आवरण्यात घालवायची ते तू बघ.

मैत्रीण परत येईपर्यंत सोमवारपासून सकाळी 9 वाजता माझ्याकडे ये. एका पुस्तकाची शब्दसूची माझ्या गळ्यात पडली आहे आणि मीही ती टाळतेच आहे. जेवणाच्या टेबलाची खिडकीकडची बाजू तुझी. साडेदहापर्यंत बोलायचं नाही, मग चहा, मग परत साडेबारापर्यंत. तुझं प्रकरण कुठे आलं हे मी विचारणार नाही, तूही माझं 'क' अक्षर संपलं का ते विचारू नकोस. गुरुवारी पाणी नसतं, तेव्हा बाटली भरून आण. येताना खायला काही आणू नकोस, डबे उघडण्यात अर्धा तास जातो.

— मावशी